तिच्या शेजारच्या सीटवर

ती गाडी रिव्हर्स घेत नसे. येत नव्हतं असं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या भियानं, आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात, शिकवलं होतं, लायसन्सच्या वेळी तिनं ते करूनही दाखवलं होतं. पण लायसन्स हातात पडल्यावर तिनं लॅबमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मान पाठीमागे वळवून गाडी हाकायची, हे काय माणसाचं काम आहे? मैं नहीं करूँगी." झालं. त्यानंतर इंदूरच्या पलासियात चुकून भलत्या गल्लीत शिरली तर ती गल्ली जिथं बाहेर पडेल तिथं बाहेर पडायची आणि मोठा वळसा घालून यायची. गाडी लावायची तीही अशा जागी, की जिथून सरळ पुढे निघता येईल. अशी जागा पलासियात कुठली मिळायला? मग ती लांब कुठेतरी गाडी लावून चालत यायची आणि घाम पुसत म्हणायची, "गाडी असली की किती आराम आहे, नाही?"

आम्ही दोघी एकवीस वर्षं एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. मी बाहेर काउंटरवर नावं लिहायची, रिपोर्ट द्यायची. ती आत रक्त घ्यायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नव्हतं. केस पुरुषांसारखे बारीक कापलेले, चाळिशीतच पांढरेशुभ्र झालेले. शिवाजीमहाराजांच्या काळापासून आपण इंदुरात आहोत असं तिच्या वडिलांचं म्हणणं होतं, ते मिलमध्ये नोकरीला होते, आणि ती म्हणायची, "होळकर यायच्या आधी आम्ही इथे काय करत होतो, ते मात्र बाबांनी कधी सांगितलं नाही."

रक्त घेताना ती बोलत राहायची. उपाशीपोटी आलेल्या माणसाला विचारायची, "इथून गेल्यावर काय खाणार?" तो बिचारा पोहे, जिलेबी असं काही सांगायला लागायचा, तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. दुसऱ्यांदा टोचावं लागणं ही तिला स्वतःची बेइज्जती वाटायची. माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, हात राहत. कृष्णपुऱ्याच्या बाजारात एकदा भाजी घेताना एका गृहस्थांनी पैसे पुढे केले, तर ही त्यांच्या मनगटाकडे बघून एकदम खुश. "अरे भाईसाहब, तुम्हीच ना ते? डाव्या हाताची नस सरकते तुमची!" ते गृहस्थ भाजी तिथंच टाकून निघून गेले.

पर्समध्ये जीरावणाची पुडी कायम. आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरवतात तो मसाला. ती तो पोह्यांवर तर घालायचीच, पण पेरूवर, दहीभातावर, लग्नातल्या पनीरवरही घालायची. कुणी हसलं तर त्याच्याही ताटात घालायची.

अशा बाईबरोबर मी इंदूरहून थेट कोइंबतूरपर्यंत मोटारीनं गेले. आठ दिवस. कुणी विचारलं तर मी सांगते, मजा आली. पण खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मी जितकी थकले तितकी कधी थकले नाही, आणि मी आधीच थकलेली होते.

सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या डिसेंबरात गेल्या. मधल्या काळात यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याला. सासूबाई गेल्यावर सगळे म्हणाले, आता जरा मोकळी झालीस. मी मोकळी झाले होते, पण सकाळी सहाला जाग यायची आणि हातापायांत उठायचं बळ नसायचं. कुणाला सांगणार? काम तर काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत ही एका दुपारी आली. तेव्हा ती लॅबमधून निवृत्त झाली होती आणि गाडी जुनी झाली होती. म्हणाली, "चल, साउथ बघून येऊ."

"ट्रेननं?"

"गाडीनं. आरामात जाऊ. तुला चेंज होईल."

यांनी आतून ऐकलं. म्हणाले, जा की, माझ्या जेवणाचं ताई बघेल. म्हणजे यांची बहीण, ती शेजारीच राहते. मला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं. मी कपडे भरले.

प्रवासाचे तिचे नियम होते. दिवे लागायच्या आत गाडी थांबवायची आणि मुक्काम करायचा. वेग साठच्या वर नाही. तासातासाला उतरून चारही टायरना चपलेनं टकटक करून बघायचं. आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. हरदा, बैतूलपर्यंत मी ऐकून घेतलं. "आगे पुल संकरा है." "यहाँ पंक्चर बनता है." "शुद्ध शाकाहारी." नागपूरपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. नंतर पाट्या तेलुगूत सुरू झाल्या, तेव्हा मला वाटलं आता सुटले. तर ती अक्षरांच्या आकारावरून अंदाज करायला लागली. "हे बघ, हे जिलेबीसारखं आहे, हे नक्की मिठाईचं दुकान." ते टायरचं दुकान निघालं.

माझ्या बाजूची काच पूर्ण वर जात नव्हती. दिवसभर त्या फटीतून गरम वारा आणि ट्रकांचा आवाज कानात जायचा. संध्याकाळी लॉजच्या पलंगावर बसले तरी पलंग हलतोय असं वाटायचं. ती मात्र ताजीतवानी. खिचडी मागवायची, वर जीरावण, आठाला झोपून जायची.

तिसऱ्या दिवशी आदिलाबादला ती लॉज शोधत एका अरुंद बोळात घुसली. बोळ पुढे बंद. समोर भिंत, भिंतीवर कुणाचीतरी वाळत घातलेली चादर. मी म्हणाले, "आता घे मागे." ती स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. मागे दोन स्कूटर, एक हातगाडी येऊन उभी राहिली. हॉर्न वाजायला लागले. शेवटी ती खाली उतरली, चार माणसं गोळा केली, सोप्या हिंदीत, हातवारे करत त्यांना समजावलं, गिअर काढला आणि गाडी हातांनी ढकलत बोळाबाहेर आणवली. मी आत बसलेली. ते चौघे माझ्याकडे बघत ढकलत होते. मला इतकी लाज वाटली की रडू आलं.

खोलीत गेल्यावर मी म्हणाले, "बास. मला नाही बघायचं तुझं साउथ. आपण उद्या परत जाऊ."

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "साउथ बघायला नाही चाललो आपण. अक्काकडे चाललोय."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिला बहीण आहे एवढंच मला माहीत होतं. बाकीचं तिनं त्या संध्याकाळी सांगितलं. इंदूरच्या मिल बंद पडत गेल्या तेव्हा अक्काच्या नवऱ्याला कोइंबतूरच्या मिलमध्ये काम मिळालं आणि ते तिकडे गेले, त्याला तीस वर्षं झाली. आई हिच्याजवळ इंदूरला राहायची. बारा वर्षांपूर्वी अक्का येऊन आईला महिनाभरासाठी म्हणून घेऊन गेली. महिन्याचं वर्ष झालं. आणि मग एक दिवस फोन आला, आई काल गेली, सगळं आटोपलं. ही पोचू शकणार नाही म्हणून आधी कळवलं नाही, असं अक्का म्हणाली. त्यानंतर हिनं अक्काचा आवाज ऐकला नव्हता. मला तो दिवस आठवला. दोन पेशंटच्या मधे ती काउंटरवर येऊन म्हणाली होती, "आई गेली ग," आणि पुढचं नाव पुकारलं होतं.

"आता काय झालं?" मी विचारलं.

तिनं मोबाईल काढून एक रेकॉर्डिंग लावलं. म्हाताऱ्या बाईचा घाबरा आवाज होता. "दूध उतू चाललंय! अगं कुणीतरी बघा ना! दूध उतू चाललंय!" मागे दुसरी बाई तमिळमध्ये काहीतरी समजावत होती.

अक्काची स्मृती गेली होती. तीस वर्षं ती त्या गावात घडाघडा तमिळ बोलली, ते सगळं पुसलं गेलं होतं. हिंदीही गेली होती. उरली होती फक्त मराठी. आणि घरात मराठी समजणारं कुणी नव्हतं. नवरा केव्हाच वारला होता, मुलगा दुबईला आणि मराठी विसरलेला, सून तमिळ. त्या सुनेनं कुठून तरी हिचा नंबर मिळवून हे पाठवलं होतं आणि विचारलं होतं, आमच्या सासूबाई काय म्हणतात?

"तू सांगितलंस?"

"सांगितलं, दूध. सुनेनं अक्काला गॅस दाखवला, रिकामा ओटा दाखवला. तरी ओरडतेच म्हणे. सून तमिळमध्ये सांगते ना, अक्काला कळत नाही."

"आणि मला खोटं सांगून आणलंस."

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले. माझ्या घरचं आजारपण आत्ता कुठे संपलंय."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"मग ट्रेननं का नाही गेलीस? दीड-दोन दिवसांत पोचली असतीस."

तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. "इतक्या लवकर नव्हतं पोचायचं यार."

सकाळी मी माझी बॅग घेऊन लॉजच्या पायरीवर बसले. नागपूरची बस कुठून मिळते हे विचारायचं होतं. ती टायर ठोकून आली, माझ्याकडे बघितलं आणि गाडीत जाऊन बसली. मी उठले आणि गाडीत बसले. मैत्रीसाठी बसले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला बस शोधायचाही कंटाळा आला होता.

त्यानंतर तिनं पाट्या वाचणं बंद केलं. हैदराबाद गेलं, कुर्नूल गेलं, अनंतपूर गेलं. उन्हानं पिवळी पडलेली माळरानं, दगडांचे डोंगर आणि ती गप्प. मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. होसूरच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. दुकानदारानं ग्लास पुढे करून तिला म्हटलं, "अक्का, टी." तिकडे कुठल्याही मोठ्या बाईला अक्काच म्हणतात. ती ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "तू चालवतेस का थोडं?" मला गाडी येत नाही हे तिला माहीत होतं.

आठव्या दिवशी दुपारी पोचलो. गावाबाहेरचं लहानसं घर. सून दारातच उभी होती, किडकिडीत, शाळेत शिकवणारी. दोरीवर तीन चादरी वाळत होत्या. तिच्या पदराला दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, डोळ्यांखाली काळं. तिचं माझं एक वाक्यही झालं नव्हतं, पण तिला बघून मला खुर्ची पुढे करावीशी वाटली.

अक्का पडवीत आरामखुर्चीत बसली होती. आम्ही दोघी समोर जाऊन उभ्या राहिलो. तिनं आधी हिच्याकडे पाहिलं, ते पांढरे बारीक केस, अंगातला शर्ट. मग नजर माझ्यावर आली आणि तिचा चेहरा उजळला.

"धाकटे! आलीस? वेणी किती बारीक झाली ग तुझी."

मी हिच्याकडे पाहिलं. हिचा चेहरा अगदी कोरा. ओठ न हलवता म्हणाली, "हो म्हण."

"आले, अक्का," मी म्हणाले. अक्कानं माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

जेवणाच्या वेळी ही वाटीत भात कालवून अक्काला भरवत होती. अक्का घास घेत होती, पण बोलत होती माझ्याशी. मिलचा भोंगा, शेजारची बकरी, काय काय. मधेच तिचा आवाज खाली आला.

"आईनं पिशवी भरून ठेवली होती ग. रोज विचारायची, धाकटीकडे कधी सोडतेस? मी म्हणायचे, यांना सुट्टी नाही. सुट्टी होती. गेली असती तर परत आली नसती ती माझ्याकडे. सगळी वर्षं तुझ्याकडेच तर होती." तिनं माझा हात घट्ट दाबला. "शेवटी पण पिशवी उशाशीच होती."

मी सहा वर्षं सासूबाईंजवळ काढलेली. आजारी माणूस रडवेलं झालं की तोंडातून जे निघतं ते निघून गेलं. "असू दे अक्का. नको मनाला लावून घेऊस. मी नाही रागावले."

अक्कानं डोळे पुसले आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. हिनं तो घास भरवला. वाटी संपवली, अक्काचं तोंड पुसलं, वाटी धुऊन ठेवली आणि बाहेर निघून गेली.

मी गेले तेव्हा ती गाडीत बसलेली होती. मी माझ्या सीटवर बसले. ऊन मी म्हणत होतं.

"कुणाला विचारून म्हणालीस?" ती म्हणाली.

"काय?"

"रागावले नाही म्हणून. अकरा वर्षं मी ठरवत होते तिला काय काय बोलायचं. रस्ताभर तेच चाललं होतं डोक्यात. तू दोन शब्दांत मिटवून टाकलंस."

"अगं, आजारी आहे ती."

"दिसतंय मला. पण राग माझा होता ना? तो सोडायचा की नाही, हे तू कोण ठरवणार?"

मलाही संताप आला. "मग जा ना आत! सांग तिला, धाकटी मी आहे. तूच म्हणालीस हो म्हण."

"सांगितलं. तू हात धुवायला गेलीस तेव्हा सांगितलं." ती स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत होती. "हसली. म्हणाली, सिस्टर, म्हाताऱ्या माणसाची थट्टा करू नका."

आम्ही त्या भट्टीसारख्या गाडीत तशाच बसून राहिलो. आदिलाबादच्या बोळानंतर पहिल्यांदाच गाडी उभी होती आणि दोघी आत होतो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आतून ओरडणं ऐकू आलं. "दूध उतू चाललंय! कुणीतरी बघा ना!" सून धावली, तिचा तमिळमधला आवाज आला, अक्काचा आवाज आणखी चढला. ही क्षणभर बसून राहिली, मग दार उघडून तिथूनच खणखणीत ओरडली, "बंद केला ग गॅस, अक्का! भांडं उतरवलं खाली!"

आत एकदम शांत झालं.

आम्ही आत गेलो तेव्हा अक्का निवांत बसली होती. सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं मोबाईल काढला आणि हिच्यासमोर धरला. हिनं तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हटलं. सुनेनं ते वहीत तमिळ अक्षरांत उतरवून घेतलं आणि मान हलवत पुटपुटायला लागली, "बंद केला ग… भांडं उतरवलं…" तिचा उच्चार ऐकून ही हसली. मग सून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझं ट्रेनचं तिकीट काढून आणलं आणि म्हणाली, "मी थांबते. सुनेला रात्रीची झोप नाही. और वैसे भी, सिस्टरची गरज आहे त्यांना." स्टेशनवर माझ्या जेवणाच्या डब्यात जीरावणाची पुडी ठेवली. एवढंच.

ती तिथं आठ महिने राहिली. फोनवर बोलायची, पण घाईत. गणपती उठले आणि चार दिवसांनी अक्का गेली. ही दिवाळीनंतर आली, ट्रेननं. गाडी सुनेला देऊन टाकली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आली. खूप वाळली होती. मी चहा केला.

"शेवटपर्यंत ओळखलं नाही?" मी विचारलं.

"अंहं. सिस्टरच."

"मग तुझं बोलायचं राहूनच गेलं."

"छे. सगळं बोलले. रोज थोडं थोडं. ती धाकटीच्या तक्रारी सांगायची, मी धाकटीची बाजू घेऊन भांडायचे. ती म्हणायची, सिस्टर, तुम्हाला काय माहीत, ती किती हट्टी आहे. मी म्हणायचे, तुम्ही काय कमी आहात? सही में, मजा यायची." तिनं चहाचा घोट घेतला. "राग गेला का ते मला माहीत नाही. पण बोलून झालं."

मग तिनं कप खाली ठेवला. "तुला एक सांगायचं राहिलंय. अक्का जायच्या आधी पंधरा दिवस असेल, मला म्हणाली, सिस्टर, मध्ये धाकटी येऊन गेली ना, फार दमलेली दिसत होती ती. तुम्ही इंदूरला गेलात तर तिला सांगा, आता काही दिवस काही करू नकोस. नुसती पडून राहा."

मी म्हणाले, "तुलाच म्हणाली ती. धाकटी तूच."

"मी कुठे दमले होते? मी आठ दिवस मस्त गाडी चालवली. ते तुझं तोंड बघून म्हणाली ती." तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. "निरोप तुझा आहे. दिला."

तीन वाजत होते. यांच्या चहाची वेळ झाली होती, संध्याकाळची भाजी निवडायची होती. ती उठून ओट्याशी गेली, भाजीची पिशवी उघडली आणि पाठमोरीच म्हणाली, "पड जरा."

मी पलंगावर आडवी झाले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. डोळे मिटताना एवढंच मनात आलं, की इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, आणि तेही दुसरीच कुणीतरी समजून. तरी मी ते माझंच म्हणून घेतलं, आणि झोपले.